पंप बदलण्याआधी तो कसा घेतला जातो ते पाहा

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. आपल्या आईचे वय ६४ वर्षे असून, बरेचसे आयुष्य चुलीपुढे गेल्यानंतर त्यांना सीओपीडी (श्वासनलिकांचे कायमचे नुकसान करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) असल्याचे निदान झाले आहे आणि त्या सकाळ-संध्याकाळ रोटाहेलर या उपकरणातून कॅप्सूलमधली औषधाची पूड श्वासाने ओढतात. आपल्या ११ वर्षांच्या मुलाला दमा आहे आणि त्याच्याकडे स्प्रेचे दोन पंप आहेत, एक रोजचा स्टिरॉइडचा आणि एक दम लागल्यावर घ्यायचा. दोघांचीही औषधे चालू असताना आईंना जिना चढताना पूर्वीइतकाच दम लागतो आणि मुलगा पहाटे खोकत उठतो. तेव्हा डोस वाढवून घ्यावा, औषध बदलावे, की पंपाचा नाद सोडून गोळ्या आणि नेब्युलायझर सुरू करावा, असे आपण विचारले आहे.

यांपैकी काहीही ठरवण्याआधी एक गोष्ट करावी, असे मी आग्रहाने सांगेन. दोघांना आपापला पंप घेऊन आपल्या डॉक्टरांसमोर बसवावे, ‘रोज घेता तसा घेऊन दाखवा’ असे म्हणावे आणि ते घेत असताना कोणीही मध्ये बोलू नये. छातीच्या ओपीडीत ‘पंप घेता ना?’ असा प्रश्न विचारला जातो, रुग्ण ‘हो’ म्हणतो, आणि गर्दीमुळे विषय तेथेच संपतो. कसा घेता, हे पाहायचे राहून जाते. १९७५ ते २०१४ या ४० वर्षांत जगभर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा पंप अचूक पद्धतीने घेणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ३१ टक्के निघाले, आणि एवढ्या वर्षांत त्यात म्हणावी तशी सुधारणा झालेली नव्हती. त्यामुळे आपल्या घरातील दोघांच्याही पद्धतीत काही चूक निघाली, तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. ती शोधायलाच हवी, इतकेच.

पद्धतीला एवढे महत्त्व का, हे आधी समजून घ्यावे. गोळी गिळली की पुढचे काम शरीर करते. पंपातील औषध मात्र आपल्या श्वासाबरोबरच आत जाते, आणि श्वास चुकला की ते जिभेवर व घशात बसून राहते. स्प्रेचा पंप उत्तम रीतीने घेतला तरी एका पफमधील, म्हणजे एकदा दाबल्यावर सुटणाऱ्या फवाऱ्यातील, साधारण १० ते २० टक्के औषधच फुफ्फुसात पोचते, बाकीचे घशाला लागून पोटात जाते. तरीही पंप गोळीपेक्षा चांगला ठरतो, कारण औषध जेथे हवे तेथेच पडते. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका सैल करणाऱ्या औषधाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर त्याच औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची, म्हणजे २० ते ४० पट मोठी असते. गोळीने हात थरथरतात, छाती धडधडते आणि आराम मात्र उशिरा मिळतो. पण एवढ्या सूक्ष्म मात्रेतले निम्मे औषध चुकीच्या श्वासामुळे वाया गेले, तर कागदावर उपचार चालू आहेत आणि प्रत्यक्षात फुफ्फुस कोरडेच आहे, अशी स्थिती होते. अशा वेळी डोस दुप्पट केला तरी वाढलेला बराचसा भाग घशातच बसतो.

आता आपल्या घरातील खरी अडचण. आई आणि मुलगा यांची उपकरणे वेगळी आहेत आणि त्यांना लागणारा श्वास एकमेकांच्या अगदी उलट आहे. स्प्रेच्या पंपातून औषध स्वतःच्या जोराने बाहेर येते, म्हणून श्वास संथ हवा. रोटाहेलरमधली पूड स्वतःहून हलत नाही, ती रुग्णाच्या ओढीनेच उडते, म्हणून श्वास पहिल्या क्षणापासून जोरदार हवा. एकाच घरात दोन्ही उपकरणे असली की आजी नातवाला आणि नातू आजीला ‘असा घे’ म्हणून शिकवतात आणि दोघांचेही चुकते. आपण दोघांना वेगवेगळे बसवून शिकवावे.

मुलाच्या स्प्रेच्या पंपापासून सुरुवात करू. टोपण काढून तोंडाकडील भागात आत काही अडकलेले नाही ना, हे आधी पाहावे. दप्तरात किंवा खिशात उघडा पडलेल्या पंपात नाणे वा कागदाचा कपटा जाऊ शकतो आणि तो श्वासाबरोबर आत ओढला जाण्याचा धोका असतो. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरलेला नसेल, तर त्यासोबतच्या माहितीपत्रकात सांगितले असतील तितके पफ आधी हवेत सोडावेत. मग पंप चांगला हलवावा, कारण बहुतेक पंपांत औषध आणि ते बाहेर ढकलणारा द्रवरूप वायू वेगळे झालेले असतात. पाठ ताठ, हनुवटी किंचित वर. प्रथम श्वास शांतपणे पूर्ण बाहेर सोडायचा, पण पंपात फुंकायचा नाही. पंप दातांमध्ये धरून ओठ त्याभोवती घट्ट मिटायचे, जीभ खाली ठेवायची. तोंडाने संथ श्वास घ्यायला सुरुवात करायची आणि त्याच क्षणी औषधाची धातूची डबी एकदा दाबायची. दाबल्यावर श्वास थांबवायचा नाही. तो चार-पाच सेकंद तसाच संथपणे छाती भरेपर्यंत घ्यायचा. मग तोंड मिटून दहा सेकंद, किंवा जमेल तितका वेळ, श्वास रोखायचा, म्हणजे कण श्वासनलिकांच्या भिंतींवर बसतात. दुसरा पफ घ्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून, सारे पहिल्यापासून करायचे. एकापाठोपाठ दोनदा दाबून एकच श्वास घेणे ही फार सर्रास होणारी चूक आहे.

बिघाड कोठे होतो, हे पाहायला उपकरणे लागत नाहीत. मुलगा पंप घेत असताना खिडकीच्या उजेडात त्याच्या चेहऱ्याकडे बाजूने पाहावे. ओठांच्या कडेने किंवा नाकपुडीतून पांढरा धूर बाहेर येताना दिसला, तर तो वाया गेलेला डोस आहे. ओठांजवळ दिसला तर ओठ सैल आहेत किंवा दाबण्याची वेळ चुकली आहे, आणि नाकातून आला तर तो तोंडात पफ सोडून श्वास नाकाने घेत आहे. गार फवारा घशाला लागताच दचकून श्वास थांबवणारी मुलेही बरीच असतात.

म्हणूनच ११ वर्षांच्या मुलाने स्प्रेचा पंप स्पेसरशिवाय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खरे तर मोठ्यांनीही रोजचा स्टिरॉइडचा स्प्रे स्पेसरमधूनच घ्यावा. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी. औषधाचा फवारा आधी तिच्यात पसरतो, त्याचा वेग कमी होतो, मोठे कण तिच्या भिंतीला चिकटतात आणि बारीक कण श्वासाबरोबर आत जातात. दाबणे आणि श्वास घेणे यांची वेळ काटेकोरपणे जुळवावी लागत नाही. ‘स्पेसर म्हणजे लहान बाळांचे काम’ असे मुलांना वाटते आणि शाळेत नेण्याची त्यांना लाज वाटते. सकाळी आणि रात्री घरीच घ्यायच्या पंपासाठी तरी ही अडचण येऊ नये. स्पेसरमध्ये एका वेळी एकच पफ सोडायचा आणि लगेच श्वास घ्यायचा, कारण उशीर झाला की औषध भिंतीवर बसते. एक संथ खोल श्वास घेऊन रोखणे जमत असेल तर उत्तम. दम लागलेला असताना ते जमत नाही, तेव्हा तोंड न काढता नेहमीसारखे पाच-सहा श्वास घेतले तरी चालते. काही स्पेसरना शिट्टी असते. ती वाजली तर श्वास फार जोरात घेतला जात आहे असे समजावे.

स्पेसर धुण्यात एक बारकावा आहे. नव्या किंवा कापडाने पुसलेल्या प्लास्टिकवर स्थिर विद्युत साठते आणि औषधाचे कण ओढून घेते. म्हणून तो भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढावा, आतून पुसू नये, उभा ठेवून आपोआप वाळू द्यावा. महिन्यातून एकदा असे केले तरी पुरते. पंपाचे प्लास्टिकचे खोके आठवड्यातून एकदा धुवावे. औषधाची धातूची डबी मात्र त्यातून काढून घ्यावी, ती पाण्यात घालू नये.

आता आईंचा रोटाहेलर. कॅप्सूल तोंडावाटे पाण्याबरोबर गिळायची नसते, हे येथे लिहिण्याची गरज वाटू नये. पण औषधाच्या दुकानातून ‘कॅप्सूल’ म्हणून मिळालेली वस्तू महिनोन्महिने गिळणारे रुग्ण आम्ही खरोखर पाहतो, त्यामुळे तेवढी खात्री करून घ्यावी. रोटाहेलर उभा धरून कॅप्सूलचे पारदर्शक टोक खाली करून ती चौकोनी खाचेत घट्ट बसवायची, इतकी की तिचे वरचे टोक खाचेच्या कडेशी समतल येईल. ती वर राहिली तर खालचा भाग फिरवल्यावर नीट उघडत नाही. मग तळाचा भाग शेवटपर्यंत फिरवायचा. कॅप्सूलचे दोन भाग होऊन पूड आत पडते. यानंतर उपकरण आडवे धरायचे, पूड सांडू द्यायची नाही. आईंनी तोंड बाजूला वळवून श्वास पूर्ण सोडावा, मग ओठ घट्ट लावून जितक्या जोरात आणि खोल ओढता येईल तितके ओढावे, आणि उपकरण तोंडातून काढून दहा सेकंद श्वास रोखावा. रोटाहेलरमध्ये फुंकर गेली तर बरीच पूड उडून जाते आणि उरलेली श्वासातील ओलाव्याने चिकटते.

ओढून झाल्यावर रोटाहेलर उघडून उजेडात पाहावे. आत पूड दिसत असेल तर पुन्हा एकदा, जरूर तर तिसऱ्यांदा ओढावे. ही पूड इतकी थोडी असते की ‘काही आत गेलेच नाही’ असे वाटून काही जण दुसरी कॅप्सूल घेतात. चव किंवा गारवा जाणवला नाही म्हणजे औषध गेले नाही, असे समजू नये. उपकरण रिकामे झाले आहे की नाही, हीच खूण धरावी. दोनदा-तीनदा ओढूनही पूड उरत असेल, तर त्याचा अर्थ गंभीरपणे घ्यायला हवा. सीओपीडीत फुफ्फुसात हवा अडकून राहिल्याने छाती आधीच फुगलेली असते आणि वाढत्या वयात स्नायूंचा जोरही कमी होतो, त्यामुळे पूड उडवण्याइतकी ओढ काही रुग्णांत उरतच नाही. अशा रुग्णाला ‘जोरात ओढा’ असे पुन्हा पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. उपकरणच बदलायला हवे, आणि बहुधा स्पेसरसह स्प्रेचा पंप किंवा नेब्युलायझर हे त्याचे उत्तर असते. ओढीचा जोर मोजण्याचे साधे उपकरण अनेक छातीरोगतज्ज्ञांकडे असते. तशी तपासणी मागून घ्यावी. संधिवाताने बोटे आखडलेली असतील आणि तळाचा भाग फिरवता येत नसेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वयस्कर माणसे हे आपण होऊन बोलत नाहीत.

कॅप्सूल ओलाव्याने खराब होतात. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात हे विशेष जाणवते: झाकण उघडे राहिलेल्या डबीतील कॅप्सूल मऊ पडतात आणि पूड गोळा होते. म्हणून कॅप्सूल घेण्याच्या वेळीच बाहेर काढावी, आदल्या रात्री उपकरणात भरून ठेवू नये, आणि धुतलेला रोटाहेलर पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नये. उलट स्प्रेच्या डबीला उष्णता सोसत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती बंद गाडीत किंवा खिडकीच्या उन्हात राहू देऊ नये.

मुलाच्या पहाटेच्या खोकल्याबद्दल पद्धतीखेरीज आणखी एक शक्यता तपासावी. त्याच्या दोन पंपांची कामे वेगळी आहेत. साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉलचा पंप आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल करतो, पण त्यांच्या आतली सूज तो उतरवत नाही. ती सूज ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन यांसारखी श्वासातून घेण्याची स्टिरॉइड औषधे उतरवतात, आणि त्यासाठी ती लक्षणे नसतानाही रोज घ्यावी लागतात. ज्या पंपाने लगेच बरे वाटते तोच खरा, असा समज होऊन मुले रोजचा पंप टाळतात, हे अगदी स्वाभाविक आहे. तातडीचा पंप आठवड्यातून दोनहून अधिक वेळा लागत असेल किंवा दम्यामुळे रात्री झोपमोड होत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे धरावे. दम्याविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘जीना’ या जागतिक संस्थेने २०१९ पासून प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ तातडीच्या पंपावर ठेवू नये असे स्पष्ट म्हटले आहे, कारण त्याने गंभीर झटक्याचा धोका वाढतो. पंप रंगावरून ओळखण्याची सवय मात्र लावू नये. कंपनी बदलली की रंग बदलतो. दोन्हींवर ‘रोज’ आणि ‘दम लागल्यास’ अशा चिठ्ठ्या चिकटवाव्यात.

पंपात औषध उरले आहे का, हेही पाहावे. औषध संपल्यानंतरही त्यातील वायू बाहेर येत राहतो, फवारा दिसतो, आवाजही होतो. डबी पाण्यात टाकून ती तरंगते की बुडते हे पाहण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही. पंपावर आकडा दाखवणारी खिडकी असेल तर ती पाहावी. नसेल तर हिशेब करावा. २०० पफचा पंप रोज चार पफ घेतल्यास ५० दिवसांत संपतो, तेव्हा उघडल्याची आणि संपण्याची तारीख त्यावरच लिहून ठेवावी.

स्टिरॉइड या शब्दाची आपल्याकडे धास्ती आहे, आणि माझ्या अनुभवात पंप मध्येच बंद होण्याचे हे मोठे कारण आहे. नेहमीच्या डोसमध्ये श्वासातून घेतलेले स्टिरॉइड रक्तात फार थोडे मिसळते. मुलांच्या उंचीवर होणारा परिणाम अभ्यासांत साधारण एका सेंटिमीटरच्या आसपास आढळला आहे, आणि न आटोक्यात आलेला दमाही वाढ खुंटवतोच. आवाज बसणे आणि तोंडात पांढरी बुरशी येणे हे त्रास मात्र खरे आहेत. त्यावर उपाय म्हणजे पंप घेतल्यावर चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंकणे. दात घासण्याआधी पंप घेण्याची सवय लावली की हे आपोआप होते. ‘पंपाची सवय लागते’ हाही गैरसमज आहे. औषध थांबवल्यावर त्रास परत येतो तो आजार अजून शिल्लक असल्यामुळे, व्यसनामुळे नव्हे. कोजागिरीला दिले जाणारे दम्याचे औषध घेण्यासाठी पथ्य म्हणून कोणी पंप बंद करायला सांगितले, तर तेवढे ऐकू नये. अचानक थांबवलेल्या स्टिरॉइडनंतरचे झटके धोकादायक असतात. उपवासाच्या दिवशीही पंप चुकवू नये.

नेब्युलायझरबद्दल आपण विचारले आहे. त्यात वेगळे किंवा अधिक तीव्र औषध नसते. तेच औषध वाफेसारखे करून दिले जाते. साध्या आणि मध्यम झटक्यात स्पेसरमधून नीट घेतलेले पफ तितकेच काम करतात, आणि ते वीज नसतानाही घेता येतात. आईंच्या बाबतीत अपेक्षाही बेताची ठेवावी लागेल. सीओपीडीत श्वासनलिकांचे झालेले नुकसान पूर्णपणे भरून येत नाही; नीट घेतलेल्या पंपाने जिना चढणे सोपे होईल, झटके कमी होतील, पण दम अजिबात लागणार नाही असे मी म्हणणार नाही. चूल अजून चालू असेल तर ती बंद करणे हे कोणत्याही कॅप्सूलइतकेच महत्त्वाचे आहे.

दोघांचीही पद्धत सुधारून, औषध न चुकवता चार ते सहा आठवडे द्यावेत आणि मग डॉक्टरांकडे पुन्हा जावे. त्यानंतरही त्रास तसाच असेल तर डोस किंवा औषध बदलण्याचा निर्णय पक्क्या पायावर होईल. जाताना पंप, रोटाहेलर आणि स्पेसर बरोबर न्यावेत आणि पद्धत दर भेटीत पुन्हा दाखवावी, कारण नीट शिकलेली पद्धतही काही महिन्यांत ढासळते. तोवर त्रास वाढला तर अर्थातच सहा आठवडे थांबू नये.

मुलाला अचानक जोराचा दम लागला तर त्याला आडवे करू नये, ताठ बसवावे आणि तातडीचा पंप स्पेसरमधून एका वेळी एक पफ असा, अर्ध्या ते एका मिनिटाच्या अंतराने, गरज पडल्यास १० पफपर्यंत द्यावा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तो सुस्तावला असेल, तर १० पफ पुरे होण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि वाटेतही पफ चालू ठेवावेत. आईंचा दम असा वाढला तर त्यांनाही बसवून, त्यांना लिहून दिलेले तातडीचे औषध देऊन लगेच न्यावे. घरी ऑक्सिजन असेल तर तो आपल्या मनाने वाढवू नये. सीओपीडीच्या रुग्णात ऑक्सिमीटरवरील आकडा सहसा ८८ ते ९२ टक्क्यांदरम्यान ठेवला जातो, आणि रुग्णालयात पोचताच त्यांना सीओपीडी आहे हे तेथील डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.